ऑफिस सोडून घरदुरुस्तीच्या धंद्यात यायचंय? आधी फेरीचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१. पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये सोळा वर्षं नोकरी, हातात ६२ हजार पगार. बायको शाळेत शिक्षिका. घराच्या कर्जाचे अजून सात वर्षांचे हप्ते बाकी. घरातला नळ, पंखा, दाराची कडी स्वतःच दुरुस्त करायची सवय आहे, शेजारीपाजारीही हक्काने बोलावतात. नोकरी सोडून हेच पूर्णवेळ केलं तर पोट भरेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

भरेल. पण तुमचा हात चांगला आहे एवढ्यावर ते ठरत नाही. मी स्वतः ऑफिसातूनच इकडे आलो. आधी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होतो, आता दहा-बारा वर्षं कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात किरकोळ घरदुरुस्ती करतोय. नळ बदलणं, पंख्याला कपॅसिटर टाकणं, दार घासून बसवणं हे हाताला सहा-आठ महिन्यांत बसतं. एका फेरीची किंमत काय आणि त्या फेरीत किती कामं उरकायची, हे डोक्यात बसायला जास्त वेळ लागतो. ते बसलं तर धंदा टिकतो, नाही तर कितीही सफाईदार काम करा, वर्षभरात परत नोकरीच्या जाहिराती बघायला लागाल.

साधं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. वायसर दहा रुपयांचा, काम दहा मिनिटांचं, त्यामुळे घरच्यांच्या मनात शंभर-दीडशेचा आकडा असतो. पण तुम्ही वारज्याहून सहकारनगरला जाणार, गेटवर नाव-नंबर लिहिणार, वॉचमन वर फोन लावणार, मग कळणार की नळ जुन्या वायसरचा नाही, सिरॅमिक स्पिंडलवाला आहे (स्पिंडल म्हणजे मुठीखालचा, पाणी चालू-बंद करणारा भाग). तो स्पिंडल ज्या त्या कंपनीचाच लागतो. मग खाली उतरून हार्डवेअरचं दुकान, परत वर, नळ बसवा, परत घरी. दोन तास गेले. ज्या प्लंबरला बिल्डरच्या साइटवर दिवसभराचं काम मिळतंय, तो या नळासाठी का येईल? तो "उद्या येतो" म्हणतो आणि येत नाही. लोक त्याला आळशी म्हणतात. तो आळशी नाही, त्याला ते काम परवडत नाही एवढंच.

तुमची जागा नेमकी इथे आहे. एकटा नळ कुणालाच परवडत नाही, पण नळ एकटा कधीच नसतो. त्याच घरात बाथरूमच्या दाराची कडी, म्हणजे टॉवर बोल्ट, लागत नसते, बेडरूमचा पंखा हळू फिरत असतो, फ्लश टाकीतून सतत पाण्याची धार चालू असते, एका ड्रॉवरचं चॅनल निसटलेलं असतं, दोन वर्षांपूर्वी आणलेली फ्रेम कपाटामागे उभी असते आणि बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटलेली असते. यातलं एकही काम कुणाला मुद्दाम बोलावण्याइतकं मोठं नाही, म्हणून सगळी तशीच पडून राहतात. फोनवर नळाचं ऐकून घेतलं की मी लगेच म्हणतो, "घरात एक चक्कर मारा, आणखी काय काय राहिलंय ते लिहून काढा आणि प्रत्येकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." तासाभरात सात-आठ फोटो येतात. फोटोवरून सामान कळतं, सामान आधीच घेतलं की दुकानाच्या चकरा वाचतात, आणि फेरी अर्ध्या दिवसाची होते. या धंद्यातली सगळी कमाई त्या यादीत आहे.

दर कामागणिक न लावता अर्ध्या दिवसाचा लावा. तासाचा दर आपल्याकडे चालत नाही. माणूस मुद्दाम रेंगाळतोय अशी शंका घरच्यांना येते आणि ते घड्याळाकडे बघत दारात उभे राहतात. मी यादी लिहून देतो, अर्ध्या दिवसाचा एक आकडा सांगतो, आणि यादीतलं काही राहिलं तर पुढच्या वेळी आधी ते करतो. सामानाचं वेगळं, दुकानाच्या बिलासकट. हार्डवेअरवाले कारागिराला कमिशन देतात, तुम्हालाही देऊ करतील. धंद्यात ते सर्रास चालतं, कुणी चोरी मानत नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नका. सामान आणण्याची मजुरी उघड लावा, कमिशन बिलातून कमी करून घ्या. ज्या गिऱ्हाइकाला एकदा मूळ बिल दिसतं तो पुढे तुमच्या मजुरीवर घासाघीस करत नाही, हा माझा तरी अनुभव आहे.

तुम्ही अकाउंट्सवाले, तेव्हा आकडे मांडून बघू. पहिल्या वर्षी अर्ध्या दिवसाचे १४०० रुपये धरा. महिन्याचे बावीस दिवस काम, पण रोज दोन फेऱ्या भरतील असं समजू नका. महिन्याला २७ फेऱ्या धरल्या तर ३७,८०० रुपये. त्यातून पेट्रोल ३०००, ड्रिल बिट, ब्लेड, टेप, सिलिकॉन असलं किरकोळ २५००, विम्याचे हप्ते २५००. हातात २९,८०० उरले, म्हणजे आजच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. दोन-तीन वर्षांनी ४० फेऱ्या आणि १६०० दर झाला तर ६४,००० येतात, खर्च १० हजार धरला तर ५४ हजार. पगाराला तरीही टेकत नाही, आणि यात पीएफ नाही, बोनस नाही, ताप आला तर पगारी रजा नाही. हे आकडे बघूनही इच्छा शिल्लक असेल तर पुढे वाचा. मी खूश आहे, पण मी पैशासाठी आलो नव्हतो.

आता शिकण्याबद्दल. आयटीआयचा प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा असतो. नोकरी करत ते जमणार नाही, आणि किरकोळ दुरुस्तीला तेवढं लागतही नाही. त्यापेक्षा एखाद्या जाणत्या प्लंबरकडे रविवारी बिगारी म्हणून जा. पैसे मागू नका, सामान उचला, बघा. देशभरातले कितीतरी प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले असतात, तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. पुण्यातही त्यातले भेटतील. सुतारकामात राजस्थानी कारागीर भेटतील. हिंदीत बोलावं लागेल आणि वयाने निम्म्या पोराचं ऐकावं लागेल. कालपर्यंत ज्यांच्या सहीने चेक निघत होते अशा माणसांना हे जड जातं. एक-दोघं माझ्याकडे शिकायला आली होती, ती इथेच अडली. हात वाईट नव्हते त्यांचे.

व्हिडिओ बघून शिकता येतं, पण त्यातले पुष्कळ व्हिडिओ परदेशी घरांचे असतात. तिथल्या भिंती जिप्समच्या आणि लाकडी चौकटीच्या, आपल्या तशा नाहीत. भिंत ओळखणं हा माझ्या मते या कामातला अर्धा अभ्यास आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत लाकडी सांगाडा असतो आणि मधे विटा, माती, चुना. तिथे ड्रिल घातलं की भोकातून नुसती माती गळते, स्क्रू धरायला भोकात बसवलेली गिट्टी गोल फिरत राहते. अशा भिंतीवर वजन टांगायचं असेल तर लाकडी खांब किंवा तुळई शोधायची आणि स्क्रू त्यात मारायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांत लाल वीट आणि सिमेंटचा गिलावा, ही सगळ्यात मऊ स्वभावाची भिंत. साधं इम्पॅक्ट ड्रिल, ६ किंवा ८ मिलिमीटरचं बिट आणि प्लॅस्टिकची गिट्टी पुरते. फक्त भोक दोन विटांच्या सांध्यात पडलं तर दोन बोटं सरकून दुसरं पाडा. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या पुष्कळ इमारतींत हलके एएसी ब्लॉक आहेत, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात. त्यात हॅमर चालू ठेवून ड्रिल केलं की भोक वाकडंतिकडं आणि मोठं होतं, साधी गिट्टी दोन दिवसांत वजनासकट बाहेर येते. हॅमर बंद ठेवायचा, बिट एक नंबर बारीक घ्यायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी वापरायची. गीझर किंवा मोठा टीव्ही असेल तर त्या ब्लॉकसाठीचंच फास्टनर. आणि हिंजवडी, बाणेर, वाघोलीच्या नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीची अखंड काँक्रीटची भिंत असते. तिथे तुमचं साधं ड्रिल पाच मिनिटं किंचाळतं आणि भिंतीवर फक्त टिंब उठतं. त्याला एसडीएस बिटचं रोटरी हॅमर, म्हणजे जोराने ठोकत भोक पाडणारं मोठं ड्रिल लागतं. मधेच सळई लागली तर जोर लावू नका, जागा बदला.

घरात शिरल्यावर भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघायची सवय लावा. पडद्याचा रॉड लावायला म्हणून बोलावतात आणि खिडकीच्या वर काँक्रीटचा लिंटल निघतो. पहिल्या भोकातून काय रंगाची भुकटी येते ते बघा. लाल म्हणजे वीट, पांढरट-राखाडी पिठासारखी म्हणजे ब्लॉक, बारीक राखाडी आणि बिट तापलेलं म्हणजे काँक्रीट. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली, नळाच्या सरळ वर-खाली कधीही भोक पाडायचं नाही. वायर आणि पाइप बहुतेक त्याच रेषेत असतात.

नळकामातही अशीच एक गोष्ट आहे जी नवशिक्याला महागात पडते. जुन्या इमारतींत जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची लाइन असते, आतून गंजलेली. वरवर साधा दिसणारा भिंतीतला नळ (बिब कॉक) पान्याने फिरवायला जावं, तर आट्यांसकट पाइपचा तुकडा भिंतीत मोडतो. म्हणून हात लावण्याआधी दोन कामं करा. गच्चीवर किंवा पाइपांच्या डक्टमध्ये जाऊन त्या लाइनचा वॉल्व्ह शोधा, आणि तो खरंच बंद होतो का ते नळ उघडून तपासा. पुष्कळ वॉल्व्ह फिरतात, बंद होत नाहीत. दुसरं, घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा की पाइप मोडला तर टाइल फोडावी लागेल आणि त्याचा खर्च वेगळा. आधी सांगितलं तर तो सल्ला ठरतो, नंतर सांगितलं तर कुणी ऐकून घेत नाही.

नव्या घरांत सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप असतो. त्याचं आणि थंड पाण्याच्या यूपीव्हीसीचं अर्धा इंच सारखं नसतं, बाहेरचा व्यास वेगळा, चिकटवायचं सॉल्व्हेंटही वेगळं. गीझरची गरम लाइन यूपीव्हीसीत जोडलेली मी पाहिली आहे. ती मऊ पडून सुटते, आणि सुटते ती घरात कुणी नसताना. सॉल्व्हेंट लावल्यावर पाणी लगेच चालू करायची घाई घरच्यांना असते. डब्यावर लिहिलेला वेळ दाखवा आणि तोवर यादीतलं पुढचं काम करा.

विजेच्या कामात कायद्याची रेघ माहीत हवी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आहेत तशी बदलायला परवाना लागत नाही, मात्र त्याने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. नवा पॉइंट काढणं, एसीसाठी वेगळी लाइन ओढणं, मीटरच्या बाजूला हात घालणं हे परवानाधारक ठेकेदाराचंच काम. ती रेघ ओलांडू नका. एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनशी ओळख करून घ्या आणि तसलं काम त्याच्याकडे पाठवा. तोही त्याला नको असलेली किरकोळ कामं तुमच्याकडे पाठवेल.

रेघेच्या आतलं काम पण निर्धास्तपणे करायचं नाही. मेन बंद केला म्हणजे घर मेलं असं नसतं. इन्व्हर्टर असेल तर मेन पडल्याबरोबर तोच चालू होतो आणि पंखा-दिव्यांच्या लाइनीत वीज तशीच असते. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, मग मेन. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच न्यूट्रलवर घेतलेला असतो, म्हणजे स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत. टेस्टर लागला नाही म्हणून हात घालू नका. मल्टिमीटर घ्या, आणि तो आधी चालू सॉकेटवर लावून खात्री करा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तसं लिहून द्या. बसवायचा की नाही ते घरचे ठरवतील, पण लिहिलेलं असू द्या.

पंख्याचं काम मात्र बिनधास्त शिका, कारण मार्च उजाडला की त्याचेच फोन येतात. पंखा गुणगुणतो, हाताने ढकलला की फिरतो, पाचवर ठेवूनही हळू चालतो, तर बहुतेक कपॅसिटर गेलाय. छताच्या पंख्याला साधारण २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर छापलेला असतो, तेवढाच घाला. जास्तीचा घातला की पंखा जोरात फिरेल असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, मोटर तापते आणि वाइंडिंग जातं.

काय करायचं नाही हेही पक्कं असू द्या. गॅसच्या लाइनला हात लावायचा नाही, सिलिंडरची असो की एमएनजीएलच्या पाइपची. डक्टमध्ये उतरून किंवा खिडकीबाहेर लटकून काम नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी. सेप्टिक टँकमध्ये उतरायचंच नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं कायद्याने बंद आहे आणि त्यात माणसं मरतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग घेऊ नका. तो वेगळा धंदा आहे, गॅरंटी मागतात, आणि पुढच्या पावसात सगळे तुमच्या नावाने शंख करतात.

गळती शोधण्याचं काम मात्र घ्या. ते तुमच्यासारख्या माणसाला सगळ्यात जास्त जमेल. वरच्या मजल्यावरून खाली ओल आली की दोन घरांत बोलणं बंद होतं, प्लंबर येतो, "वरची टाइल फोडा" म्हणतो, वरचे फोडू देत नाहीत. तिथे नीट पायऱ्या लावून तपासायचं असतं. ओल बारमाही आहे की फक्त पावसात? सगळे नळ बंद ठेवून वरच्या घराचा वॉल्व्ह रात्रभर बंद केला तर ठिबकणं थांबतं का? थांबलं तर दाबाची, म्हणजे नळांना पाणी पुरवणारी लाइन. नाही थांबलं तर नहाणी ट्रॅपला (बाथरूमचं पाणी जायच्या जाळीखालच्या भोकाला) बोळा घालून बाथरूममध्ये रंगीत पाणी तुंबवायचं आणि खाली वाट बघायची. मग तारीख-वेळेसकट फोटो आणि एक पानभर टिपण. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती संस्थेच्या खर्चाने आणि घरातल्या नळ, संडास, बाथरूमची गळती त्या सभासदाच्या खर्चाने दुरुस्त व्हायची असते. त्यामुळे पाणी कुठून येतंय ते कागदावर आलं की खर्च कुणाचा हे ठरतं. असा कागद लिहून देणारा कारागीर मिळत नाही. मी त्याचे अर्ध्या दिवसापेक्षा जास्त पैसे घेतो आणि लोक देतात. सेक्रेटरी ते टिपण फाइलला लावतात आणि पुढच्या वेळी सोसायटीच बोलावते.

ऑफिसातून बरोबर आणण्यासारखं हेच आहे. वेळेवर जाणं, उशीर होणार असेल तर आधी कळवणं, न उचललेला फोन संध्याकाळी परत लावणं, लिहून देणं. कारागिरी तुमच्यापेक्षा चांगली असलेले शंभर जण शहरात आहेत, पण त्यांना फोनवर गाठणं हेच लोकांचं अर्धं दुखणं आहे.

गिऱ्हाईक म्हणाल तर तुमचं मुख्य गिऱ्हाईक ज्येष्ठ नागरिक असणार. कोथरूड, सहकारनगर, प्रभात रस्ता, सगळीकडे आजी-आजोबा दोघंच, मुलगा न्यू जर्सीत नाहीतर सिंगापूरला. अनोळखी माणसाला घरात घ्यायची त्यांना भीती असते. पहिल्यांदा जाताना ओळखपत्र दाखवा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवा आणि विचारण्याआधी दाखवा. मुलगा व्हिडिओ कॉलवर येऊन काम बघतो आणि तिथूनच आणखी दोन कामं सांगतो, त्याचा राग मानू नका. आजोबांना बल्ब बदलून हवा असतो आणि अर्धा तास बोलायलाही हवं असतं. त्या अर्ध्या तासाचे पैसे मी वेगळे लावत नाही, पण फेरी ठरवताना तो वेळ धरून ठेवतो. अशा एका घरातून त्या इमारतीतली चार घरं मिळतात. पत्रकं वाटून मला जवळपास काहीच मिळालेलं नाही.

दुसरी बाजूही ऐका. त्याच सोसायटीच्या गेटवर तुम्हाला सर्व्हिस लिफ्ट दाखवतील. पाणी मागितलं तर काही घरांत वेगळा पेला निघतो, बाथरूम वापरू का विचारलं तर खालचं दाखवतात. तुमचं आडनाव ऐकून काही जण "तुम्ही या कामात कसे?" विचारतील, आणि ज्यांना हा प्रश्न कधी विचारला जात नाही त्यांच्याबद्दल त्यात काय गृहीत धरलंय ते तुम्हाला कळेल. नातेवाइकांत सहा महिने चर्चा होईल. बायकोशी बोलताना फक्त पैशाचं बोलू नका, हेही बोला, कारण स्टाफरूममध्ये "मिस्टर काय करतात?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यायचंय.

हत्यारं एकदम घेऊ नका. २५-३० हजारांत सुरुवातीचं सगळं येतं: चांगल्या कंपनीचं १३ मिलिमीटरचं इम्पॅक्ट ड्रिल, पाने, पक्कड, पाइप रेंच, हॅकसॉ, लेव्हल, मल्टिमीटर, सिलिकॉन गन, डोळ्यांचा चष्मा, मास्क. पुण्यात हत्यारांसाठी बोहरी आळी आणि विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली. दोन्हीकडे एकेका दुकानदाराशी ओळख ठेवा, म्हणजे फोटो पाठवून स्पिंडल मिळतो का ते बसल्या जागी कळतं. रोटरी हॅमर पहिल्यांदा भाड्याने घ्या. ग्राइंडर शक्यतो दुसऱ्या वर्षी, आणि त्याचं गार्ड काढून कधीच वापरू नका. स्कूटरवर शिडी नेता येत नाही ही या धंद्यातली खरी अडचण. घडी होणारी अ‍ॅल्युमिनियमची मिळते, पण बहुतेक सोसायट्यांत घोडी असते, फोनवरच विचारून घ्या.

शरीराचं बोलायला हवं. बेसिनखाली पाय दुमडून बसणं, मान वर करून पंखा धरणं, हे चाळिशीत अंगावर येतं. गुडघ्यांना पॅड लावा, पहिल्या महिन्यापासून. जवळचं दिसणं याच वयात कमी होतं, आणि बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपच्या मागचा आटा अंधारातच असतो, तेव्हा चष्म्याचा नंबर काढून घ्या आणि डोक्याला लावायची बॅटरी घ्या. काँक्रीटच्या भुकटीत सिलिका असते, रुमाल बांधून ती थांबत नाही, एन-९५ लावा.

कामाला हंगाम असतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दारं फुगतात आणि गळतीचे फोन सुरू होतात. गणपतीआधी आणि दिवाळीआधी श्वास घ्यायला वेळ नसतो, मधल्या पितृपक्षात पुष्कळ घरं नवं काही लावत नाहीत. नोव्हेंबरात गीझर. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या भागात गीझरमध्ये क्षार इतके साचतात की तेवढ्यावर दोन आठवडे निघतात. मे महिन्यात लोक गावी जातात आणि फोन थंडावतो. तो महिना हप्त्याच्या हिशेबात आधीच धरा.

कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी ऑनलाइन आणि फुकट, मधे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. आयकरात अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने रोखीच्या उलाढालीवर ८ आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरून विवरण भरता येतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल कुणी सुचवेल, पण २०२३ साली आलेल्या त्या योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार, गवंडी, कुलूपवाले आहेत, प्लंबर आणि वायरमन नाहीत.

राहिला राजीनामा. लगेच देऊ नका. एक वर्ष शनिवार-रविवारी हे काम करा, ओळखीच्यांकडेही पैसे घेऊनच. फुकट केलेल्या कामातून धंदा चालेल का ते कळत नाही, फक्त कौतुक होतं. शेवटच्या तीन-चार महिन्यांत तुम्हाला कामं नाकारावी लागत असतील, आणि घराचा हप्ता व घरखर्च मिळून बायकोच्या पगारावर निदान ओढून-ताणून निघत असेल, तर द्या. यातली एक जरी गोष्ट नसेल तर शनिवार-रविवार तसेच चालू ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. हप्ता तुमच्या एकट्याच्या पगारावर असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे, आधी कर्ज खाली आणा.

सोळा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी मिळेल. मूळ पगार ३० हजार धरला तर पावणेतीन लाखांच्या थोडं वर. त्याची हत्यारं आणू नका, हप्त्यांसाठी बाजूला ठेवा. पीएफ मोडू नका. दहा वर्षांच्या वर सदस्यत्व असेल तर पेन्शनचा हक्कही तयार झालेला असतो, त्याचे कागद नीट मागून घ्या. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून स्वतःचा घरच्यांसकट नोटीस पीरियड सुरू व्हायच्या आधी घ्या. बीपी-शुगर असेल तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा. त्याबरोबर अपघात विमा घ्या, आणि त्यात तात्पुरतं काम बंद पडल्यास दर आठवड्याला भरपाई मिळण्याचं कलम आहे का ते वाचून घ्या. बोट कापलं तर या धंद्यात महिनाभर घरी बसावं लागतं, आणि तेव्हा यादी असलेली घरं दुसऱ्याला फोन लावतात.